मे महिन्यातलं कॉर्बेट: रामगंगा, चौड आणि हत्ती

उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातून परतलेली बरीच मराठी मंडळी थोडी हिरमुसलेली असतात. ताडोब्याच्या उन्हाळी सफारीत पाणवठ्यावर पाय पसरून बसलेला वाघ बघायची सवय लागलेली असते आणि कॉर्बेटला दोन-तीन फेऱ्या कोरड्या जातात. मग "वाघ नव्हतेच फारसे" असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. 2022 च्या गणनेत कॉर्बेटमध्ये 260 वाघ नोंदले गेले. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पात इतके नाहीत. फरक आहे तो पाण्यात आणि झाडांत. ताडोब्यात मे महिन्यात साग उघडाबोडका असतो, पाणी मोजक्या तळ्यांपुरतं उरतं आणि वाघ तिथे येणारच हे गाइडला ठाऊक असतं. कॉर्बेटमधून रामगंगा बारा महिने वाहते, काठाने पुरुषभर उंच गवत असतं आणि मागे सालवृक्ष ऐन उन्हाळ्यात हिरवागार उभा असतो. वाघाला पाणी प्यायला उघड्यावर यायची गरजच पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की कॉर्बेटला वाघासाठी जाऊ नका. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा जूनच्या सुरुवातीला जा, उद्यानाच्या आतल्या ढिकाल्याच्या वनविश्रामगृहात मुक्काम करा आणि हत्ती बघा. वाघ दिसला तर दिसला.

हे हत्ती तिथे का जमतात, ते समजायला जमीन समजून घ्यावी लागते. उद्यानाच्या उत्तरेला कंड्याची उंच धार आहे, दक्षिणेला शिवालिकच्या टेकड्या, आणि मध्ये पातली दून नावाचं लांबट सपाट खोरं. रामगंगा या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहते. शिवालिकचा दगड आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टसारखा कणखर नाही. ठिसूळ वालुकाश्म, माती आणि गोट्यांचे थर, पावसाने सहज सुटणारे. दर पावसाळ्यात टेकड्यांवरून गोटे आणि वाळू खाली येते आणि त्यातून रुंद, पांढरे, दगडांनी भरलेले ओढे तयार होतात. त्यांना इथे सोत म्हणतात. जुलैत सोत दुथडी भरून वाहतो आणि पाऊस ओसरला की कोरडा. पाणी संपलेलं नसतं, गोट्यांच्या खाली उतरलेलं असतं. शिवालिकच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा म्हणजे भाबर. इथे नदी जमिनीत शिरते आणि दक्षिणेला काही कोस गेल्यावर, चिकणमातीचे थर लागले की तेच पाणी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येतं. तो तराईचा प्रदेश. उद्यानाशेजारच्या रामनगर गावाच्या आसपास नदीपात्रात नुसते दगड आणि काशीपूरकडे उतरलं की भाताची हिरवी खाचरं, हा बदल तासाभराच्या रस्त्यात दिसतो.

उद्यानाचा दक्षिणेकडचा झिरना-ढेल्याचा भाग याच भाबरात येतो. एप्रिलनंतर तिथले सोत ठणठणीत कोरडे असतात आणि वनखात्याला पाणवठे भरावे लागतात. उरलेले प्राणी दूनकडे, म्हणजे रामगंगेकडे सरकू लागतात. त्यात सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात जास्त चारा लागतो तो हत्तीला. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं.

धनगढी गेट ते ढिकाला हा रस्ता साधारण 31 किलोमीटरचा. घाई केली नाही तर दोन तास लागतात, आणि घाई करूच नये. आधी उंच, सरळसोट सालाचं जंगल लागतं. साल पूर्णपणे निष्पर्ण कधी होत नाही; मार्च-एप्रिलमध्ये जुनी पानं गळता गळताच तांबूस नवी पालवी येते. जूनमध्ये पंख असलेल्या बिया भिरभिरत खाली येतात. हे बी जेमतेम आठवडाभर तग धरतं. तेवढ्यात पाऊस आला तर रुजतं, नाहीतर त्या वर्षीचं सगळं बी वाया. रुजलेलं रोपही लगेच वाढत नाही. दर उन्हाळ्यात शेंडा जळतो, मूळ जगतं, पुन्हा फुटतं, आणि मूळ पुरेसं जाड झालं की मगच खोड वर चढतं. तुमच्या गुडघ्याएवढं दिसणारं सालाचं रोप कित्येक वर्षांचं असू शकतं.

सालाखाली जे हिरवं झुडूप दूरवर पसरलेलं दिसतं, ते नीट बघा. तो कढीपत्ता आहे, रानातला, माणसाने न लावलेला. याच रस्त्यावरच्या सुलतान ते गैरल या पट्ट्यात तो भरपूर आहे. त्याच्याच बरोबरीने कुठे कुठे घाणेरी माजली आहे आणि ती जिथे शिरते तिथे गवत उरत नाही. वनखातं ती मुळासकट उपटतं. नुसती वरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते. मधूनमधून खोडाची साल लांब पट्ट्यांत सोललेली झाडं लागतात. ती बहुतेक रोहिणीची, म्हणजे आपली शेंदरी. हत्तीचं काम. साल ओली असेल, चीक सुकलेला नसेल, तर कळप जवळपास आहे.

रस्त्यावरच्या धुळीत हत्तीचं पाऊल सापडलं तर गाइडला थांबायला सांगा. पुढचं पाऊल जवळजवळ गोल असतं, मागचं लांबट. पुढच्या पावलाचा घेर मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची मिळते, फारसा फरक पडत नाही. खाली उतरायला परवानगी नाही, त्यामुळे अंदाज गाडीतूनच घ्यायचा. पण सव्वा मीटर घेराचं पाऊल दिसलं की अडीच मीटर उंचीचा हत्ती इथून गेला हे कळतं.

ढिकाल्याच्या पुढे जंगल संपतं आणि चौड सुरू होतं. चौड म्हणजे नदीकाठचं सपाट गवताळ रान. ढिकाल्याचं चौड त्यातलं सगळ्यात मोठं. इथे गवत टिकवण्यासाठी हात फिरवावा लागतो. हिवाळ्याच्या अखेरीस ठरावीक तुकडे नियंत्रित पद्धतीने जाळतात किंवा कापतात. नाही केलं तर आधी झुडपं, मग शिसव-खैराची रोपं शिरतात आणि वीसेक वर्षांत गवताच्या जागी जंगल उभं राहतं. जाळण्यात उशीर झाला तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, आणि सगळं एकदम जाळलं तर पाढ्यासारख्या लपून राहणाऱ्या हरणाला आसरा उरत नाही. म्हणून तुकड्यातुकड्याने. काळ्या राखेतून दोन आठवड्यांत कोवळे कोंब येतात आणि त्यावर चितळांचे कळप तुटून पडतात.

आता धरणाबद्दल. रामगंगा जिथे शिवालिक फोडून मैदानात उतरते तिथे कालागढला 1974 मध्ये मातीचं मोठं धरण पूर्ण झालं, सिंचन आणि विजेसाठी. त्याच्या जलाशयात दूनमधलं सुपीक गवताळ रान बुडालं, पाढ्याची उत्तम जागा गेली आणि हत्तींच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. हे नुकसान मोठं होतं आणि ते भरून आलेलं नाही. प्राण्यांनी उरलेल्यातून मार्ग काढला, इतकंच. पावसाळ्यात जलाशय भरतो, हिवाळा-उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडत राहतात आणि मे उजाडेपर्यंत पाण्याची कड खूप आत सरकलेली असते. उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर बोटभर उंचीचं लुसलुशीत गवत उगवतं. चौफेर डोंगर तापलेले असताना हा एकच हिरवा पट्टा, आणि शेजारी पाणी. हत्ती इथेच येणार.

सकाळी ते सालाच्या सावलीत असतात. दुपारी तीननंतर, ऊन जरा कलतं झालं की, जंगलाच्या कडेला हालचाल दिसते. आधी म्होरकी हत्तीण बाहेर येते. थांबते, सोंड वर करून वास घेते. मागे दोन-तीन माद्या, त्यांच्या पायांत पिल्लं, बाजूला अर्धवट वयाचे नर. एक कळप आठ-दहांचा. मग दुसरीकडून दुसरा, नदीपलीकडून तिसरा. चांगल्या संध्याकाळी एका नजरेत पन्नास-साठ हत्ती मावतात. ढिकाल्याच्या मनोऱ्यावरून हे दिसतंच. पण शक्य असेल तर चौडातल्या रस्त्यावर गाडी एका जागी लावून, इंजिन बंद करून बसावं. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं की आम्हाला फिरायचं नाही. पहिल्यांदा तो विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच चांगली जागा शोधून देतो.

दुर्बीण लावून एकाच हत्तिणीकडे बघत राहा. गवत इतकं आखूड असतं की सोंडेने नुसतं धरून उपटता येत नाही. ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडते, गवत मुळासकट सैल करते, सोंडेच्या टोकाने त्याची जुडी गोळा करते, आणि ती जुडी पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटते. माती झडली की मगच तोंडात. हे ती तासन्‌तास करते, एका लयीत, आणि एक पाय पुढे टाकते. शेजारचं पिल्लू तेच करून बघत असतं. त्याला सोंडेवर ताबा नसतो. जुडी सुटते, माती डोळ्यांत जाते, शेवटी ते आईच्या तोंडातूनच ओढून घेतं. वर्षाच्या आतलं पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जातं, वय ओळखायची ही सोपी खूण. धोका वाटला की दोन माद्या बाजूला येतात आणि पिल्लू दिसेनासं होतं. मी वन्यजीवांबद्दल जे काही शिकलो त्यातलं बरंचसं असं एका जागी बसून शिकलो, आणि तितकं कुठल्याही पळापळीच्या सफारीत मिळत नाही.

एकटा मोठा नर दिसला तर कानशिलाकडे बघा. डोळा आणि कान यांच्या मध्ये काळसर ओली धार असेल, मान उंच असेल, तर तो मदात आहे. त्याच्यापासून शंभर मीटरही कमी. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे नसतात. पण सुळे नाहीत म्हणजे मादीच असंही नाही, बिनसुळ्याचा नर, मखना, इथे असतो. त्याचा माथा आणि सोंडेचं बूड जास्त रुंद असतं. हत्ती वैतागला की चरणं थांबवतो, कान फाकतो, शेपूट ताठ होते, पाय हलवत राहतो. इथेच मागे सरकायचं. कान फाकून, आवाज करत आलेला हत्ती बहुतेक वेळा मध्येच थांबतो. सोंड आत वळवून गुपचूप आलेला थांबेलच असं नाही. म्हणून अनुभवी ड्रायव्हर कळपाच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच गाडी घालत नाहीत, आणि मागे निघायची वाट मोकळी ठेवतात.

आता तक्रार. चितळाचा एक कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला की ढिकाल्याच्या चौडात दहा-बारा जिप्स्या धूळ उडवत एकाच वळणावर जमतात. वाघीण गवतातून नदीकडे निघालेली असते आणि समोर गाड्यांची भिंत. ती बसते. अर्धा तास, तास. गाड्या हलत नाहीत, कारण ती बसली आहे. ती उठत नाही, कारण गाड्या आहेत. मे महिन्याच्या उन्हात तहानलेल्या जनावराला पाण्यापासून अडवण्याचा हक्क कुणी दिला? आपल्या ड्रायव्हरला एवढं सांगता येतं की रांगेत मध्ये घुसू नको, दोन्ही बाजूंना मोकळी वाट ठेव, लांब लाव. बक्षिशी वाघ दाखवण्यावर ठरते हे त्यालाही माहीत असतं. ती वाघावर ठरवायची नाही हे आपल्या हातात आहे.

कॉल समजून घेतले तर एरवीचा वेळही मजेत जातो. चितळ भित्रं, कोल्ह्याला बघूनही ओरडतं. भेकराचं भुंकणं लांबत जातं, पण तेही सापाला, बिबट्याला, कशालाही. सांबराचा खणखणीत "ढाँक" एका जागेवरून पुन्हा पुन्हा आला तर मात्र थांबायचं. वानराचा खाकरल्यासारखा आवाज सगळ्यात उपयोगी, कारण ते झाडावरून प्रत्यक्ष बघत असतं. ते कुठे तोंड करून बसलंय ते बघा. कॉल अचानक थांबले तर वाघ गेला असं समजायचं कारण नाही. तो बसला असेल, आणि बसलेला वाघ हरणाला दिसत नाही.

रामगंगेसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. हाय बँक नावाची जागा रस्त्याच्या कडेला उंचावर आहे. खाली नदीचं वळण, वाळूच्या पट्टीवर सुसरी आणि मगरी. सुसरीचा जबडा लांब आणि अरुंद, मासे पकडण्यापुरता; पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकावर मोठा गोळा असतो. मगरीचं तोंड रुंद आणि तिला काहीही चालतं. सुसर मार्चच्या अखेरीस वाळूत अंडी घालते आणि जूनमध्ये पिल्लं बाहेर पडतात, त्या काळात मोठी सुसर एकाच पट्टीपासून हलत नसेल तर कारण तेच. वरून स्वच्छ पाण्यात काळपट लांब सावल्या सरकताना दिसतात, त्या महसीरच्या. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून राखलेले महसीर बघितले असतील तर त्यांचेच हे हिमालयातले भाऊबंद, आकाराने बरेच मोठे. दगडांमधून पाणमांजरांची टोळी किचकिचत आली की महसीर एकदम खोल पाण्यात जातात. पाणमांजरं मासा खडकावर घेऊन डोक्यापासून खायला सुरुवात करतात.

पक्षी इथे साडेपाचशेहून जास्त जातींचे. मे महिन्यात महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत लिंपून घेतलेली असते आणि नर वड-पिंपळाची फळं घेऊन येताना पंखांचा आवाज आधी ऐकू येतो. नवरंग आलेला असतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. कोकणात तो ज्या दिवसांत ऐकू येतो साधारण त्याच दिवसांत. रानकोंबडा इथला तांबडा, सह्याद्रीतला राखी. कोसी नदीच्या दगडांत हिवाळ्यात वरच्या हिमालयातून उतरलेले पक्षी मिळतात, त्यासाठी वेगळी, जानेवारीची फेरी हवी.

उद्यानाचा बिजरानी विभागही सुंदर आहे, सालाचं जंगल आणि छोटी चौडं. वाघाची शक्यता तिथे जास्त. झिरन्यात अस्वल दिसू शकतं. ढिकाल्याचा मुक्काम मिळाला नाही तर बिजरानी घ्या, एवढंच म्हणेन.

मुक्कामाशिवाय ढिकाल्यात जिप्सी सोडत नाहीत. दिवसभराची भेट हवी असेल तर रामनगरहून सोळा आसनांचा कँटर असतो. तो उंच आहे, दिसतं बरं, पण थांबायचं कुठे हे आपल्या हातात नसतं. वनविश्रामगृहांचं बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर खुलं झालं की काही मिनिटांत संपतं. ढिकाला भरलं असेल तर गैरल किंवा सर्पदुली बघा. गैरल अगदी नदीकाठी आहे आणि मला ते ढिकाल्यापेक्षा आवडतं, गर्दी नाही. ढिकाल्याला उपाहारगृह आहे, जेवण शाकाहारी, साधं, गरम. मांस-मद्य पूर्ण बंद. छोट्या विश्रामगृहांत शिधा स्वतः न्यावा लागतो, चौकीदार बनवून देतो: माणशी दीड पाव पीठ, डाळ, तांदूळ, बटाटे-कांदे, तेल, चहासाखर, आणि पाणी माणशी दिवसाला चार लिटर. जिप्सीत सहा जण बसवता येतात. दुर्बिणी-कॅमेरे असतील तर चारच बसा. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो, धुळीचं वादळ अचानक उठतं, तेव्हा कॅमेऱ्याला उशीचा अभ्रा गुंडाळायला ठेवा. लेन्स चौडात बदलू नका.

ढिकाला 15 नोव्हेंबर ते 15 जून उघडं असतं. पावसाळ्यात झिरना-ढेल्याच्या दिवसाच्या सफाऱ्या चालू राहतात, पण सोतांशी खेळ नको. वर डोंगरात पाऊस पडला की इथे आकाश कोरडं असतानाही लोंढा येतो, गोट्यांसकट. 8 जुलै 2022 रोजी पहाटे रामनगरजवळ ढेला नदीच्या पुरात पर्यटकांची गाडी वाहून गेली आणि 9 जणांचा जीव गेला. पाणी गढूळ झालं, त्यात काड्याकचरा दिसू लागला, की चाक घालायचं नाही, समोरची गाडी गेली असली तरी.

रामनगरला दिल्लीहून रात्रीची गाडी पहाटे पोचवते. वांद्रे टर्मिनसहूनही आठवड्यातून एक गाडी थेट आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गावात लिची उतरलेली असते, ती जरूर घ्या.

राहण्याची जागा निवडताना मात्र नकाशा बघा. रामनगरहून मोहानकडे जाणारा महामार्ग कोसीच्या काठाने जातो. एका हाताला उद्यान, दुसऱ्या हाताला नदी आणि पलीकडे रामनगर वनविभागाचं जंगल. हत्ती आणि वाघ या दोन जंगलांमध्ये ये-जा करतात, आणि त्यांच्या वाटा ढिकुलीच्या आसपास एकामागोमाग एक कुंपणांनी बंद होत गेल्या आहेत. लग्नसराईत तिथल्या हिरवळींवर रात्री डीजे लागतो, भिंतीपलीकडे उद्यान असतं. अडवलेला कळप मग रस्त्यावरून, गावाच्या शेतातून वाट काढतो आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. नदीकाठच्या खोलीची जाहिरात आकर्षक असते, हे खरं. तरी विश्रामगृह मिळालं नाही तर मी रामनगर गावात उतरतो. बिजरानीचं आमडंडा गेट तिथून अगदी जवळ आहे, धनगढी अर्ध्या तासावर, आणि पहाटे साडेचारला चहा मिळतो.